लेनोव्हो थिंकसेंटर एम७२०क्यू (सेकंडहँड), घरचा सर्व्हर म्हणून रिव्ह्यू, सांगलीतून

आधीच सांगतो, हा डबा घ्या. लेनोव्हो थिंकसेंटर एम७२०क्यू टायनी, आय५-८५००टी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी (आतली वेगवान डिस्क). साडेतेरा हजाराला सांगलीतल्याच एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून घेतलाय, त्यात जीएसटीचं बिल आणि दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी आली. कुठल्यातरी ऑफिसात टेबलाखाली काही वर्षं चाललेलं मशीन असणार, वरचा स्टिकर खरवडून काढलेल्याच्या खुणा आहेत पण बाकी एक ओरखडा नाही. सात इंच बाय सात इंच, जाडी दीड इंचाच्या आत, वजन सव्वा किलोच्या आसपास. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सशेजारी ठेवला तरी पाहुण्यांना कळत नाही की हा वेगळा काहीतरी आहे.

घरचा सर्व्हर म्हणजे काय असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. फोटो, कागदपत्रं, पिक्चर, पासवर्ड हे सगळं आपण एरवी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवतो, ते आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर ठेवायचं आणि मोबाईलवरून बघायचं. गुगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट स्टोरेज १ जून २०२१ ला बंद झालं, तेव्हापासून १५ जीबी भरले की मेल यायला लागतात. आमच्या घरात पाच मोबाईल, प्रत्येकाचं स्टोरेज फुल, प्रत्येकाचं वेगळं रडगाणं. महिन्याला पैसे भरून जागा वाढवता येते हे मान्य आहे आणि ज्यांना हे सगळं सांभाळायला वेळ नाही त्यांनी खरंच तेच करावं, त्यात कमीपणा काही नाही. पण मला फोटो माझ्या हातात हवे होते, का ते खाली येईलच.

आता सांगलीतल्या घरात सर्व्हर चालवायचा म्हणजे पहिला प्रश्न लाईटचा. प्रोसेसर कितवा, रॅम किती हे सगळं नंतर. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो तेव्हा काय होतं ते इकडच्या सगळ्यांना माहितीये, चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, वारं सुटतं, कुठंतरी झाडाची फांदी तारेवर पडते आणि लाईट गेली की मग कधी येईल ते सांगता येत नाही. अशाच एका दिवशी संध्याकाळी गेलेली लाईट रात्रभर आली नाही, इन्व्हर्टरची बॅटरी पण उतरली, घरातलं सगळं बंद. पहाटे कधीतरी लाईट आली. सकाळी उठून बघतोय तर आई चहा गाळता गाळता मोबाईलवर नातीचे फोटो बघत बसलेली. कुणी बटण दाबलं नव्हतं, मी तर झोपेत होतो. राऊटर उठला, डबा उठला, त्यातल्या सगळ्या सर्व्हिस एकामागून एक उठल्या. माझ्यासाठी या मशीनची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि बाकी फीचर हे त्याच्या नंतर.

हे आपोआप होण्यासाठी बायोसमध्ये (मशीन चालू करताना उघडता येणारा सेटिंगचा मेनू) एक सेटिंग लागतं. पॉवरच्या मेनूत 'आफ्टर पॉवर लॉस' म्हणून आहे, त्यात तीन पर्याय असतात, पॉवर ऑफ, लास्ट स्टेट आणि पॉवर ऑन. बरेच जण लास्ट स्टेट ठेवतात, म्हणजे लाईट जाताना चालू होतं तर आल्यावर चालू होईल, ऐकायला बरोबर वाटतं. पण तुम्ही यूपीएस लावलात आणि बॅटरी संपत आल्यावर मशीन स्वतःहून नीट शटडाऊन झालं, तर त्याची लास्ट स्टेट 'बंद' अशी होते, मग लाईट आली तरी ते उठत नाही. म्हणून सरळ पॉवर ऑन ठेवायचं.

यूपीएसची अजून एक भानगड आहे जी कुणी सांगत नाही. सर्व्हरला यूपीएसशी बोलायला एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर असतं, फुकट आहे, यूपीएसला यूएसबी पोर्ट मात्र पाहिजे आणि स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना तो नसतोच, घेताना मागे वाकून बघा. बॅटरी कमी झाली की एनयूटी सर्व्हरला शटडाऊन करतं, इथपर्यंत ठीक. पण समजा सर्व्हर बंद झाला आणि यूपीएसमध्ये अजून थोडा जीव शिल्लक असतानाच लाईट परत आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने करंट कधी गेलाच नाही, मग तो कशाला उठेल? तो तसाच बंद पडून राहतो आणि तुम्ही बाहेरगावी असलात तर घरी कुणालातरी फोन करून बटण दाबायला सांगावं लागतं. उपाय असा की एनयूटीच्या सेटिंगमध्ये शटडाऊनच्या शेवटी यूपीएसलाच आउटपुट बंद करायला सांगायचं, म्हणजे लाईट आल्यावर यूपीएस परत करंट सोडतो आणि डबा उठतो. सगळे यूपीएस हे ऐकतात असं नाही, त्यामुळे एकदा भिंतीवरचं बटण बंद करून पूर्ण प्रकार घडवून बघायचाच.

ज्यांच्याकडे घराला इन्व्हर्टर आहे त्यांनी इन्व्हर्टरच्या मागचं मोडचं बटण बघावं. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन असतात, साध्या मोडमध्ये लाईटवरून बॅटरीवर जायला जरा जास्त वेळ लागतो, पंख्याला फरक पडत नाही पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर ठेवला की या डब्याला काही होत नाही. आणि राऊटरला, फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो तो लावून टाका, हजार-बाराशेत काम होतं.

विजेचं बिल. प्लगला लावायचा वॉट मीटर घेऊन बघितलं, नुसता बसलेला असताना ९ ते ११ वॅट खातो. दहा धरा, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी ७२ रुपये. जुना मोठा कॅबिनेटवाला डेस्कटॉप घरात पडून आहे म्हणून तोच सर्व्हर करणारे लोक मी बघितलेत, तो रिकामा बसून ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात, वर्षाचा हिशेब काढला की हा डबा तीन-चार वर्षांत स्वतःचे पैसे काढतो. फोटोतले चेहरे ओळखायचं काम चालू असलं की हा पण ४० वॅटच्या वर जातो, पंख्याचा आवाज येतो, पण ते रोजचं नाही.

घेताना काय बघायचं ते जरा सविस्तर सांगतो कारण सेकंडहँड मालात इथंच फसगत होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची आठवी जनरेशन किंवा वरचं लागतं, त्यामुळे ऑफिसांनी सहावी-सातवी जनरेशनची मशीनं काढून टाकलीत आणि ती बाजारात स्वस्तात मिळतात. आपण विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकणार, आपल्याला विंडोज ११ शी घेणं नाही, त्यामुळे बजेट कमी असेल तर सातव्या जनरेशनचा एम७१०क्यू पण चालेल. सहावी मात्र टाळा, कारण सहावीत १० बिट एचईव्हीसी (पिक्चरच्या फाईलींचा एक फॉरमॅट) व्हिडिओ हार्डवेअरवर चालत नाही, सातवीपासून चालतो, पिक्चर बघणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो. एम७१०क्यूच्या नावाखाली दोन्ही जनरेशनचे प्रोसेसर येतात म्हणून दुकानात चालू करून प्रोसेसरचं नाव बघा, ६ ने सुरू होतंय की ७ ने.

दुकानातच बायोस उघडून बघा. कंपनीतून आलेल्या मशीनला सुपरवायझर पासवर्ड टाकलेला असू शकतो, तो असला तर वर सांगितलेलं पॉवरचं सेटिंग तुम्हाला बदलता येणार नाही आणि लेनोव्होचा तो पासवर्ड काढणं साध्या माणसाचं काम नाही, आतला सेल काढून घातला की जाईलच असं नाही. दुकानदार म्हणेल नंतर काढून देतो, ऐकू नका, दुसरं मशीन मागा. एसएसडीची तब्येत बघायला सांगा, किती टक्के झिजलाय ते कळतं. अ‍ॅडॅप्टर ओरिजिनल आहे का बघा, आयताकृती पिनचा, २० व्होल्टचा, ६५ वॅटचा. आणि घरी आणल्याबरोबर आतला सीआर२०३२ चा सेल बदलून टाका, चाळीस-पन्नास रुपयांना घड्याळाच्या दुकानात मिळतो. जुना सेल उतरला असेल तर लाईट बराच वेळ गेल्यावर मशीन तारीख-वेळ विसरतं, मग चालू होताना एरर दाखवून कीबोर्डवरचं बटण दाबायची वाट बघत थांबतं, आणि सर्व्हरला तर कीबोर्ड लावलेलाच नसतो. एवढ्याशा सेलपायी आख्खा सर्व्हर उठत नाही. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं, आतली धूळ पण तेव्हाच साफ करून घ्या.

रास्पबेरी पाय ५ (एका छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर) का नाही असं बरेच जण विचारतात. पाय चांगलाच आहे, वीज अजून कमी खातो. पण नुसत्या बोर्डवर भागत नाही, अ‍ॅडॅप्टर, केस, पंखा, एसएसडी लावायची हॅट (वर बसवायचा छोटा बोर्ड), एसएसडी असं सगळं घेतलं की रक्कम या डब्याच्या जवळ जाते, आणि पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करायचं, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बनवायचं हार्डवेअर नाहीये. या डब्यातल्या इंटेल यूएचडी ६३० ग्राफिक्समध्ये त्याच कामाचं क्विक सिंक आहे, जेलीफिनवर (घरातले पिक्चर, रेकॉर्डिंग बघायचा प्रोग्रॅम) फोर-के फाईल मोबाईलला छोटी करून पाठवताना प्रोसेसर ढिम्म हलत नाही. फक्त एव्ही१ फॉरमॅटचा व्हिडिओ असेल तर याला हार्डवेअरवर जमत नाही, त्याला अकरावी जनरेशन लागते. आमच्या घरात पिक्चर फारसे बघत नाहीत, बाबांची जुनी नाटकांची आणि भजनांची रेकॉर्डिंग जेलीफिनवर आहेत ती ते टीव्हीवर लावतात, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

आता तक्रार. डिस्कला जागा नाही, हा या मशीनचा खरा कमीपणा. एक एनव्हीएमईचा स्लॉट, आणि एक अडीच इंची सॅटाची जागा ती पण ७ मिलीमीटर जाडीची. चार-पाच टीबीच्या अडीच इंची हार्ड डिस्क १५ मिलीमीटरच्या असतात, त्या आत बसत नाहीत. म्हणजे एकतर महागातला सॅटा एसएसडी घ्या नाहीतर यूएसबीवर बाहेरून डिस्क लावा. मी बाहेरून साडेतीन इंची डिस्क लावलीये स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवाली, ती पण त्याच यूपीएसवर. केबल ओढली जाऊन सुटली की गडबड, त्यामुळे डिस्क आणि डबा एकाच फळीला पट्टीने बांधलेत.

बाहेरच्या डिस्कचा खरा धोका वेगळाच आहे. लाईट आल्यावर डबा उठला पण डिस्क उठायला उशीर झाला किंवा उठलीच नाही, तर लिनक्सच्या दृष्टीने ते फोल्डर नुसतं रिकामं फोल्डर असतं आणि प्रोग्रॅम बिनधास्त आतल्या छोट्या एसएसडीवर लिहायला लागतात. इमिचवाल्यांनी (इमिच म्हणजे फोटोंचा प्रोग्रॅम, खाली सांगतो) याचा छान विचार केलाय, तो आपल्या प्रत्येक फोल्डरमध्ये .इमिच नावाची एक लपलेली फाईल ठेवतो आणि सुरू होताना ती सापडली नाही तर चालूच होत नाही, म्हणतो आधी डिस्क बघा. बाकीच्या प्रोग्रॅमना एवढी अक्कल नसते म्हणून ते सगळे ज्यात चालतात त्या डॉकरलाच सांगून ठेवायचं की डिस्क माउंट झाल्याशिवाय, म्हणजे जोडली गेल्याशिवाय उठायचं नाही, सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये काय कधी सुरू करायचं ते बघणारा भाग) तेवढी एक ओळ टाकली की होतं.

सॉफ्टवेअरमध्ये मी साधं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि वर डॉकर ठेवलंय. प्रॉक्समॉक्स (एका मशीनमध्ये अनेक मशीनं चालवायची सिस्टीम) टाका असं सगळे सांगतात, चांगलंच आहे ते, पण एका घराला, एका मशीनला मला तरी मध्ये अजून एक थर नको वाटतो, बिघडलं तर रात्री अकराला मलाच बघायचं असतं. सगळ्यात जास्त वापर इमिचचा, म्हणजे गुगल फोटोजसारखं पण आपल्या घरातलं. २०२२ मध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट, आधी दर अपडेटला काहीतरी मोडायचं आणि तेच लोक वर लिहून ठेवायचे की एकट्या यावर विसंबू नका, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० आलं आणि त्यांनीच ते स्टेबल म्हणून जाहीर केलं. ८ जीबी रॅमवर चालतं पण चेहरे ओळखणं, सर्च हे सगळं हवं असेल आणि सोबत बाकीचं पण चालवायचं असेल तर १६ घ्या.

इमिचमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात फोटोत काय आहे ते लिहून शोधता येतं, पण जे मॉडेल मुळात येतं त्याला फक्त इंग्रजी कळतं. आईला इंग्रजीत टाईप करून शोधायला सांगणं म्हणजे तिच्यासाठी ते नसल्यातच जमा. सेटिंगमध्ये मॉडेल बदलता येतं, एनएलएलबी नाव असलेली बहुभाषिक मॉडेलं आहेत ज्यात मराठी आहे. ते टाकलं, सगळ्या फोटोंवर सर्चचं काम परत चालवायला लावलं, ते रात्रभर चाललं, डबा बऱ्यापैकी गरम झाला पण थांबला नाही. सकाळी आईच्या मोबाईलवर मराठी कीबोर्डचा माईक दाबून तिला म्हटलं बोल काहीतरी. ती म्हणाली 'हळद वाळत घातलेली'. आणि खरंच आले राव, मामाच्या शिवारात शिजवून पसरलेल्या हळदीचे फोटो, चार वेगवेगळ्या वर्षांचे, मधेच एक लग्नातल्या हळदीचा पण आला म्हणा. नंतर तिने 'बैल', 'गणपतीची आरास', 'पाणी आलेला रस्ता' असं एकेक बोलून बघितलं आणि तासभर मोबाईल सोडला नाही. अचूकपणा इंग्रजीएवढा नाही हे खरंय, पण आपल्या भाषेत आपल्या घरातले फोटो घरातल्याच मशीनवर सापडतात, त्यातला एकही बाहेर न जाता, याचं मला फार अप्रूप वाटतं आणि वाटत राहील.

पेपरलेस पण भारी. लाईटबिलं, घरपट्टीच्या पावत्या, सातबारा, विम्याचे कागद सगळे मोबाईलने स्कॅन करून टाकायचे, तो त्यातला मजकूर वाचून शोधण्यासारखा करतो. मराठीसाठी ओसीआरच्या (चित्रातली अक्षरं वाचणारा भाग) भाषेत मराठी वेगळी इन्स्टॉल करायला सांगावी लागते आणि मग भाषा मराठी अधिक इंग्रजी अशी द्यायची, नाहीतर सगळी अक्षरं कचरा होतात. छापील सातबारा व्यवस्थित वाचतो, गट नंबर टाकला की कागद समोर. हाताने लिहिलेला जुना फेरफार वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका.

घराबाहेरून बघायचं तर आपल्याकडच्या लोकल फायबरला बहुतेक वेळा सीजीनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला, त्यामुळे राऊटरवर पोर्ट उघडून काही उपयोग होत नाही. आणि खरं तर उघडूही नये. टेलस्केल टाका (आपली मशीनं आणि मोबाईल एका खाजगी नेटवर्कात जोडणारा प्रोग्रॅम), आत वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे, घरगुती वापराला फुकट, सीजीनॅट असलं तरी चालतं. बाहेरून पोचायचा दुसरा मार्ग क्लाउडफ्लेअर टनेल, तो पण फुकट आहे पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे, फोटो जातात आणि लग्नातला पाच मिनिटांचा व्हिडिओ मात्र अडकून बसतो, लोक इमिचला शिव्या घालतात. टेलस्केलमध्ये एक लक्षात ठेवा, प्रत्येक मशीनची की, म्हणजे ओळखीची किल्ली, १८० दिवसांनी संपते, सर्व्हरसाठी ती एक्सपायरी बंद करून ठेवायची, नाहीतर सहा महिन्यांनी अचानक बाहेरून काहीच उघडेनासं होतं आणि कारण सापडत नाही.

आता मूळ विषय. आम्ही गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात आई-बाबांच्या लग्नापासूनचे अल्बम होते. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तेव्हा पानं एकमेकांना चिकटून गाळाचा एकच गठ्ठा झाला होता, सोडवायला गेलं की फोटोवरचा रंग बोटाला यायचा. आता आमच्याकडे जे जुने फोटो आहेत ते सगळे नातेवाईकांकडून मागून आणून स्कॅन केलेले आहेत, मावशीकडून, आत्याकडून, विट्याच्या ताईकडून. त्यामुळे ज्या रिव्ह्यूत सर्व्हर किती फास्ट आहे एवढंच लिहिलेलं असतं तो मला अर्धवट वाटतो. नदीकाठच्या गावात मशीनचा रिव्ह्यू करायचा तर पाणी आल्यावर त्याचं काय होणार हे लिहायलाच पाहिजे.

डबा वरच्या मजल्यावर आहे हे पहिलं. पण ते पुरेसं नाही, कारण पाणी वर नाही आलं तरी भागातली लाईट बंद होते आणि घर सोडून जावं लागतं. इथं या डब्याचा आकार कामाला येतो, सव्वा किलोचा डबा आणि एक डिस्क, दोन्ही कपड्यांच्या बॅगेत मावतात, दोन वायरी काढल्या की निघालो. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि इकडं पातळी ४० च्या दिशेने चढायला लागली की बॅग भरताना औषधं आणि कागदपत्रांबरोबर डिस्क पण ठेवायची, हे आता घरात सगळ्यांना माहितीये.

आणि दुसरी कॉपी पुराच्या रेषेच्या बाहेर, म्हणजे विट्याला ताईकडे. तिथं पावसाळ्यात घरात पाणी शिरायची भीती नाही. तिच्याकडचा जुना लॅपटॉप, झाकण मिटलं तरी झोपणार नाही असं सेटिंग करून, त्याला एक यूएसबी डिस्क लावलीये. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी आहे त्यामुळे तिथं वेगळा यूपीएस लागत नाही, फक्त बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर राहिली की फुगू शकते म्हणून ऐंशीवर थांबायचं सेटिंग केलंय. रोज रात्री इथून रेस्टिक नावाच्या प्रोग्रॅमने टेलस्केलवरून तिकडं बॅकअप जातो. पहिला सगळा डेटा इंटरनेटवरून पाठवत बसू नका, इथंच डिस्क लावून भरायचा आणि डिस्क घेऊन एसटीत बसायचं, त्यानंतर रोजचं थोडंथोडं आपोआप जातं. रेस्टिक सगळं एन्क्रिप्ट करूनच ठेवतो, ताईच्या घरी कुणी डिस्क उघडली तरी काही दिसणार नाही, पण याचा अर्थ पासवर्ड हरवला तर आपल्यालाही दिसणार नाही. तो पासवर्ड सर्व्हरमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये एकट्यात ठेवून उपयोग नाही, सर्व्हरच गेला तर? कागदावर लिहून ताईच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवलाय.

इमिचचा बॅकअप घेताना नुसतं फोटोंचं फोल्डर घेऊन चालत नाही. कुणाचा चेहरा कोणता, कुठला अल्बम, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. इमिच रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची कॉपी स्वतःच काढून ठेवतो, शेवटच्या १४ कॉपी राहतात, पण त्या त्याच डिस्कवर. म्हणून माझा रेस्टिक तीन वाजता सुरू होतो, म्हणजे फोटो आणि त्या रात्रीची डेटाबेस कॉपी दोन्ही विट्याला जातात. डिस्क दोन घेऊन एकीचा आरसा दुसरीवर ठेवला म्हणजे बॅकअप झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या गल्लीत येऊन पाण्याची खूण बघावी, दोन्ही डिस्क एकाच फळीवर असतील तर दोन्ही एकदमच भिजणार.

देखभाल म्हणाल तर महिन्यातून एखादा रविवार सकाळी तासभर. डेबियनचे अपडेट, इमिचचं अपडेट करण्याआधी त्यांनी काय बदललंय ते वाचायचं, डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिच्या तब्येतीचा अहवाल बघायचा. उन्हाळा संपताना एकदा झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढायची, रस्त्यावरच्या घरात फार बसते. आणि अधूनमधून विट्याच्या कॉपीमधून एखादं जुनं फोल्डर इकडं परत आणून उघडून बघायचं. हे सोडू नका. बॅकअप रोज 'यशस्वी' म्हणतोय आणि परत आणायला गेल्यावर काही उघडतच नाही, असं होऊ शकतं, ते पूर आल्यावर कळण्यापेक्षा रविवारी चहा पिताना कळलेलं बरं.

हे सगळं वाचून ज्यांना वाटतंय की एवढं कोण करत बसणार, त्यांनी नका घेऊ, पैसे भरून क्लाउड घ्या आणि त्याचीही एक कॉपी घरात डिस्कवर ठेवा. ज्यांना दहा-बारा टीबी डेटा ठेवायचाय, फोटोग्राफर वगैरे, त्यांना पण हा डबा पुरणार नाही, त्यांनी डिस्कच्या चार जागा असलेलं काहीतरी बघावं. बाकी पाच-सहा माणसांच्या घराला, दोनेक टीबी फोटोंना, साडेतेरा हजारात यापेक्षा भरवशाचं मशीन मला तरी दिसलेलं नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क डिस्कच्या जागेसाठी कापला. घ्यायला जाताना खिशात लिनक्सचा पेनड्राइव्ह ठेवा आणि दुकानातच बूट करून बघा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.